खुर्चीमागची जागा

ब्राउझर उघडायचा म्हणजे बाई आधी गॅसवर चहाचं आधण ठेवायच्या आणि मग येऊन बटण दाबायच्या. चहा उकळून, गाळून, अर्धा पिऊन झाला की पडद्यावरचं ते गोल फिरणारं चाक एकदाचं थांबायचं आणि पान उघडायचं. घाई केली तर सगळंच गोठून बसायचं. "तुझा कॉम्प्युटर नाही तो आई, रुसलेला जावई आहे," असं मुलगी फोनवर म्हणायची.

दोष कॉम्प्युटरचा नव्हता. यजमान गेले तेव्हा ब्राउझरमध्ये त्यांनी उघडून ठेवलेली पानं तशीच होती, आणि बाईंनी ती आजवर बंद केली नव्हती. चष्म्याच्या काचेवरचे ओरखडे कसे घालवावेत याचं एक पान, कुठल्याशा दूरच्या बेटावरच्या दीपगृहाचं एक, टाचदुखीवरचे व्यायाम, अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. पडद्याच्या वरच्या कडेला ती सगळी दाटीवाटीनं उभी असायची. कोड्यातला एक आडवा शब्द यजमानांना सुटला नव्हता. बाईंना तो येत होता, पण त्यांनी भरला नव्हता.

बाईंचं काम ऐकून टाइप करण्याचं. एक समुपदेशक मॅडम होत्या. लोक त्यांच्यासमोर बसून मनातलं बोलत, मॅडम त्यांना विचारून ते रेकॉर्ड करत, आणि रेकॉर्डिंग बाईंकडे येई. बाई हेडफोन लावत, पायाखालच्या पेडलनं आवाज थांबवत-सोडत आणि शब्द न शब्द उतरवून काढत. मॅडम बोलल्या की ओळीच्या सुरुवातीला 'म', समोरचं माणूस बोललं की 'स'. उसासा आला तर उसासा, हुंदका आला तर हुंदका. डोळे मिटून टाइप करायची त्यांची सवय. कानात शिरलेलं थेट बोटांतून बाहेर पडायचं, मध्ये डोक्याला तसदी नाही. ही सवय इतकी हाडीमाशी भिनली होती, की फोन मान आणि खांद्यात धरून गप्पा मारतानाही दोन्ही हातांची बोटं टेबलाच्या कडेवर समोरच्याचं बोलणं टाइप करत राहायची. "हिच्याशी जपून बोला," यजमान आल्यागेल्याला सांगायचे, "सगळी नोंद होतेय."

यजमान मुद्रितशोधक. उभं आयुष्य छापखान्यात गेलेलं. निवृत्त झाल्यावर बाईंनी टाइप केलेलं तपासायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. मॅडमनी आधी जरा कां कूं केलं, कारण ही लोकांची गुपितं. पण यजमानांची वाचायची तऱ्हा पाहिली आणि त्यांनी हसून परवानगी दिली. यजमान खालून वर वाचत. शेवटच्या ओळीतला शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या अलीकडचा, असं करत करत पहिल्या शब्दापर्यंत. "मजकूर डोक्यात शिरला की चूक निसटते," ते म्हणायचे. "मला फक्त अक्षरं दिसतात. कोणाचं काय बिनसलंय ते मला ठाऊक नाही, आणि व्हायलाही नको." उजव्या हातात चहाचा कप, डावा हात खुर्चीच्या पाठीच्या डाव्या टोकावर, असे ते बाईंच्या मागे उभे राहत आणि ते उलटे शब्द अर्ध्या आवाजात पुटपुटत. चूक दिसली की खुर्चीवर एक टिचकी. ती ऐकू यावी म्हणून बाई डाव्या कानावरचा हेडफोन जरा सरकवून ठेवत. कधी कधी त्या वैतागायच्या. "बसा ना जरा कुठेतरी. मानेवर श्वास येतो."

"बसलो तर दिसत नाही," ते म्हणायचे, आणि उभेच राहायचे.

ते गेले आणि तपासणारं कोणी उरलं नाही. बाई टाइप करत आणि तसंच पाठवून देत. आपलं लिहिलेलं आपणच वाचायची सवय त्यांना कधी लागलीच नव्हती.

मग ती जाहिरातीची भानगड झाली. एका रेकॉर्डिंगमध्ये एका गृहस्थांनी कुठल्याशा औषधाचं नाव घेतलं. ते नीट लिहिलं जावं म्हणून बाईंनी ब्राउझरमध्ये शोधलं. झालं! पुढे जिथे जावं तिथे तेच औषध. बातम्या उघडल्या तरी तेच, हवामान बघितलं तरी तेच. मॅडम काही कामानं घरी आल्या होत्या. त्यांची नजर पडद्यावर गेली आणि चेहरा उतरला.

"ताई, हे औषध कोण घेतं ते फक्त तीन माणसांना ठाऊक आहे. त्यातल्या दोघी इथे उभ्या आहेत."

"मी कोणाला अक्षरानं बोलले नाही हो."

"तुम्ही नाही, तुमचा ब्राउझर बोलला." मॅडम खुर्चीत बसल्या. रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. "ही माणसं माझ्या भरवशावर तोंड उघडतात. तो भरवसा गेला तर मी उद्यापासून कुठल्या तोंडानं बसू त्यांच्यासमोर? ब्राउझर बदला. कानावर पडलेलं पोटात ठेवील असा बघा. नाहीतर मला दुसरीकडे काम द्यावं लागेल, ताई. मला ते करायला लावू नका."

बाईंना ते फार लागलं. काम जाईल ही भीती होतीच. पण इतकी वर्षं आपण ज्या गोष्टी सख्ख्या मुलीलाही सांगितल्या नाहीत, त्या या डबड्यानं चव्हाट्यावर मांडाव्यात, याचं त्यांना जास्त वाईट वाटलं. त्याच दिवशी त्यांनी भावजींना बोलावलं.

भावजी म्हणजे यजमानांचे धाकटे भाऊ. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचे. तोंडाचा पट्टा सुरू असल्याशिवाय त्यांचे हात चालत नसत.

"वहिनी, ब्राउझर निवडणं म्हणजे शेजार निवडणं," त्यांनी सुरुवात केली. "हा पहिला बघा. वाऱ्यासारखा पळतो. पण पोटात काही ठरत नाही त्याच्या. तुम्ही काय बघता, किती वेळ बघता, कुठे घुटमळता, सगळा बोभाटा. हा दुसरा. मुक्याचा बाप. जीव गेला तरी बोलणार नाही. पण चाल अशी, की तुमचा आत्ताचा परवडला. आणि मेमरी खातो ती बकासुरासारखी."

"मग आता?"

"तिसरा आहे ना! अंगानं हलका, पळतोही बरा, आणि दारावर पहारा ठेवतो. कोपऱ्यात ही ढाल दिसते? कुठलंही पान उघडलं की त्याच्याबरोबर चार टगे मागल्या दारानं आत घुसतात, तुम्ही काय वाचता ते तुमच्या खांद्यावरून बघायला. ही ढाल त्यांना बाहेरच अडवते. किती अडवले तो आकडा शेजारी येतो." त्यांनी बातम्यांचं पान उघडलं. आकडा झरझर चढत गेला. "बघा! एवढे जण वाचत होते तुमच्याबरोबर."

बाईंनी नकळत मागे वळून पाहिलं. भावजी हसले, मग पडद्याच्या वरच्या कडेकडे बघून थांबले.

"वहिनी, ही दादाची पानं. नव्यात आणू का?"

बाई दीपगृहाकडे आणि त्या अर्ध्या कोड्याकडे पाहत राहिल्या. नवा ब्राउझर घ्यायचा तो हलका असावा, जुनं काही चिकटून राहू नये म्हणून. मग हे ओझं तिथे कशाला न्यायचं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

"नको. बंद करा," त्या म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलेच कप पुन्हा धुऊ लागल्या.

नवा ब्राउझर खरोखरच चांगला निघाला. बाईंना बऱ्याच दिवसांनी चहा गरम प्यायला मिळू लागला. मॅडमचं टायपिंगचं पान ब्राउझरमध्येच उघडायचं, पण ते बाईंच्या कॉम्प्युटरवरच साठवलेलं होतं, त्याला इंटरनेट लागत नसे. उलट त्या औषधाच्या भानगडीनंतर, काम सुरू करण्यापूर्वी इंटरनेटची वायर उपटून ठेवायची, असा मॅडमचा दंडकच होता. कोरं पांढरं पान, वर रेकॉर्डिंगची पट्टी, बाकी काही नाही. त्या पानावर कोण कशाला डोकावणार? ढालीजवळचा आकडा तिथे शून्य होता, तसा तो असायलाच हवा होता.

बाईंनी हेडफोन लावला, पेडल दाबलं, डोळे मिटले. रेकॉर्डिंग संपल्यावर डोळे उघडले, तर आकडा एक होता.

वायर उपटलेली, टेबलावर वेटोळं करून ठेवलेली होती. बाईंनी ती उचलून दोन्ही टोकं पाहिली आणि पुन्हा ठेवली. पान बंद करून उघडलं. शून्य. पुन्हा कामाला लागल्या, आणि मान वर करून बघतात तो पुन्हा एक.

भावजी दुसऱ्या दिवशी आले. ढालीवर दाबलं की अडवलेल्याचं नाव दिसतं, कुठली कंपनी डोकावत होती ते कळतं, असं सांगत त्यांनी ढालीवर दाबलं. 'अडवलेले: १' अशी ओळ आली. खाली नावाची जागा होती, ती रिकामी होती. त्यांनी ब्राउझर काढून पुन्हा घातला. मग दुसरा उघडला, तो मुका. त्याच्या पहाऱ्यानंही तेच सांगितलं, एक. मग तो पहिला, वाऱ्यासारखा पळणारा. त्याला ढालच नव्हती. पण तो उघडताना भावजी मध्येच म्हणाले, "अरेच्चा, मी दाबलंच नव्हतं अजून." पान समोर उघडलेलं होतं.

"आकडा पोकळ आहे, वहिनी," त्यांनी शेवटी निकाल दिला. "प्रोग्राममध्ये कुठेतरी गफलत. तुम्ही तिसराच ठेवा, लक्ष देऊ नका."

ते बोलत होते खरे, पण एव्हाना ते खुर्चीतून उठून टेबलाच्या कडेला उभे राहून काम करत होते.

"खुर्ची टोचते का?" बाईंनी विचारलं.

"नाही. पाठ अवघडली जरा," ते म्हणाले, आणि चहा न घेताच गेले. भावजी चहा न घेता गेल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

खिडकीखालचा पाइप गळत होता म्हणून पुढे प्लंबर आला. टेबल खिडकीशीच होतं. ते मागे ओढावं लागलं, आणि खोली चिंचोळी असल्यामुळे खुर्चीची पाठ थेट मागच्या भिंतीला टेकली. पाइप सुकेपर्यंत टेबल तसंच ठेवा, असं प्लंबर सांगून गेला. बाई तशाच अवघडून कामाला बसल्या. रेकॉर्डिंग संपलं. आकडा शून्य होता.

बाई व्यवहारी होत्या. कशालाही हात लावून बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची रीत. त्यांनी टेबल थोडं पुढे ढकललं. खुर्ची आणि भिंत यांच्यात हात जाईल इतकी फट पडली. शून्य. अजून थोडं ढकललं. शून्य. मग टेबल पार जुन्या जागी नेलं. खुर्चीच्या मागे एक माणूस सहज उभं राहील इतकी जागा झाली. त्या बसल्या, पेडल दाबलं आणि या वेळी डोळे न मिटता बघत राहिल्या.

एक.

त्यांना भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी त्यांचा हात नकळत खुर्चीच्या पाठीच्या डाव्या टोकाकडे गेला. त्या जागेवर कोण उभं राहायचं ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आपण यांची पानं बंद केली, आणि वर दाराशी पहारेकरी बसवला. बिचारे बाहेर उभे आहेत, असंच त्यांच्या मनानं घेतलं. मागे वळून मात्र त्यांनी पाहिलं नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. आकड्याचं ऐकून ती हसली. खुर्चीचं बाईंनी तिला सांगितलं नाही.

"अडवलाय तर अडवलाय, आई. ढालीचं कामच ते. तू तेवढं 'परवानगी द्या' वर चुकूनसुद्धा दाबू नकोस."

"दाबलं तर काय होतं?"

"काय होणार? जो बाहेर उभा आहे तो आत येईल."

टेबलाच्या कडेवर बाईंच्या बोटांनी हेही टाइप केलं.

पुढचे काही दिवस त्या काम करत राहिल्या आणि तो एकचा आकडा बघत राहिल्या. मॅडमना दिलेला शब्द त्यांना आठवत होता. कोणीही वाचता कामा नये. पण हे कोणीही थोडेच होते? यांना तर मॅडमनी स्वतः परवानगी दिली होती. आपण फक्त ती पुन्हा द्यायची. दुपारची उन्हं टेबलावर आलेली असताना बाईंनी खुर्ची आणखी थोडी पुढे घेतली, मागे ऐसपैस जागा ठेवली, आणि ढालीवर दाबलं. 'या पानावर परवानगी द्या.' त्यांनी दिली.

आकडा शून्य झाला. खोलीत काहीच हललं नाही. बाईंनी हेडफोन लावला, डाव्या कानावरचा नेहमीसारखा सरकवला, आणि डोळे मिटून पेडल दाबलं. मॅडमचा आवाज आला, मग समोरच्या एका स्त्रीचा. आणि मग त्यांच्या आड कुठेतरी, अगदी हलका, तो अर्धा आवाज.

"आलात?" बाई म्हणाल्या. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण हात मोकळे नव्हते.

ते दिवस बाईंना सुखाचे गेले. कामाला नुसता वेग आला. पेडल दाबायच्या आधीच आवाज हवा तिथे थांबायचा, हवा तिथे सुरू व्हायचा. बोटं पळायची. यजमान असतानाही त्यांनी इतकं काम कधी उपसलं नव्हतं. संध्याकाळी त्या दोन कप चहा करायच्या आणि दोन्ही स्वतःच प्यायच्या.

काही गोष्टी जराशा वेगळ्या होत्या. खुर्चीची पाठ हल्ली उजवीकडे दबायची. आवाजही उजव्या बाजूनं यायचा. उघड्या कानात नव्हे, हेडफोननं झाकलेल्या कानात. आणि टिचकी एकदाही वाजली नव्हती. बाईंना वाटलं, हात बदलला असेल. वाटलं, आपण आता चुकतच नाही.

मग मॅडम न कळवता आल्या. सकाळची वेळ होती. त्यांनी छापून आणलेली पानं टेबलावर ठेवली, चप्पलही काढायची राहिली.

"ताई, हा तिसरा कोण?"

"कोण तिसरा?"

"'म' म्हणजे मी. 'स' म्हणजे समोरचं माणूस. आणि या ओळी? नुसती रेघ ओढून पुढे लिहिलेल्या? प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये आहेत."

बाईंनी आपलंच टाइप केलेलं पान आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. रेघा होत्या.

"मी जे ऐकलं तेच लिहिलं," त्या म्हणाल्या.

"त्या एक शिक्षिका आहेत ना, शाळेतल्या. मी त्यांना विचारते, 'त्या दिवशी घरात आणखी कोण होतं?' त्या गप्प. रेकॉर्डिंगमध्ये तिथे नुसती शांतता आहे, ताई. मी परत परत ऐकलं, आवाज मोठा करून ऐकलं. आणि तुमच्या पानावर त्या शांततेत उत्तर लिहिलेलं आहे. पूर्ण उत्तर." मॅडमचा आवाज कापला. "मी ते न बघता त्यांना वाचायला दिलं. नेहमी देते. त्यांचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाल्या, 'हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.' उठून गेल्या. फोन बंद आहे. घराला कुलूप आहे."

बाईंनी एका रेघेवर बोट ठेवलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "हे असतील."

"कोण हे?"

"आमचे हे. उभे असतात मागे, वाचतात. तुम्हीच परवानगी दिली होती त्यांना."

 पुढे जे विचारलं ते मॅडमनी फार जपून विचारलं.

"कसं वाचतात, ताई?"

बाई सांगायला गेल्या. तो अर्धा आवाज त्यांनी मनात पुन्हा आणला, ओठांवर घेतला. काल दुपारचं एक वाक्य त्या तसंच पुटपुटल्या.

वाक्य सरळ आलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, सावकाश, मजकूर समजून. चवीनं.

 यजमानांनी जन्मात कोणाचं गुपित सरळ वाचलं नव्हतं. हा आवाज त्यांचा नाही, हे बाईंच्या कानांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यांनीच ते मनाला कळू दिलं नव्हतं. एका परक्याला त्यांनी आपल्या माणसाच्या जागी उभं केलं, लोकांची दुखणी त्याच्यापुढे वाढून ठेवली, आणि वर त्याच्यासाठी चहा केला. शरमेनं त्यांना मान वर करवेना. आणि त्या शरमेखाली दुसरंही एक दुःख होतं. यजमान आले नव्हते. ते कधी आलेच नव्हते.

"काढा ती परवानगी," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी ढालीवर दाबलं. परवानगी गेली. दोघी आकड्याकडे बघत राहिल्या. आता तो एक व्हायला हवा होता.

शून्य.

बाईंनी खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली. मागे भरपूर जागा ठेवून बसल्या, पेडल दाबलं.

शून्य. अडवायला बाहेर कोणीच नव्हतं.

"गेला," मॅडम म्हणाल्या. त्यांनी श्वास सोडला, पानं गोळा केली, बाईंकडची रेकॉर्डिंग त्यांच्यासमोर पुसून घेतली. कामाचं काय ते त्या बोलल्या नाहीत आणि बाईंनीही विचारलं नाही. निघताना मात्र त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या शिक्षिकेला मी शोधते. तुम्ही घाबरू नका."

बाई दारापर्यंत गेल्या. मॅडम बाहेर पडल्या. दार ओढून घेण्याआधी त्यांनी ते क्षणभर उघडंच धरलं, मागून कोणी येत असलं की धरतात तसं. मग त्यांनी ते सोडलं आणि त्या जिना उतरून गेल्या.

दिवसभर बाईंनी कॉम्प्युटर लावला नाही. खोली झाडली, खुर्ची पुसली. खुर्ची आता कुठल्याच बाजूला दबत नव्हती. त्या शब्दकोड्यातला आडवा शब्द त्यांना आठवत राहिला, पण भरायला कोडं उरलं नव्हतं.

उन्हं कलताना मॅडमचा फोन आला. बाई टेबलाशी बसल्या आणि फोन मान आणि उजव्या खांद्यात धरला.

"ताई, सापडल्या त्या. बहिणीकडे गेल्यात. बऱ्या आहेत. रडल्या, पण बोलल्या माझ्याशी."

"देव पावला," बाई म्हणाल्या. त्यांना इतकं हलकं वाटलं, की मॅडमचं बोलणं आपण टेबलाच्या कडेवर टाइप करतोय, याचंही त्यांना सकाळपासून पहिल्यांदाच हसू आलं.

"आणि तुमचं काम चालू राहील. फक्त मी आधी सगळं नीट लावते. माझ्याही कॉम्प्युटरवर तुमचाच ब्राउझर घातलाय आत्ता. छान आहे हो, हलका आहे. सगळी जुनी पानं एकदा वाचून काढावीत म्हणून बसले होते. तेवढ्यात..."



"तेवढ्यात काय?"

"काही नाही. तो आकडा. ढालीजवळचा."

बाईंना खुर्चीची पाठ आपल्या पाठीला लागलेली जाणवली. मागे कोणी नव्हतं. त्यांच्या मागे खरंच कोणी नव्हतं.

"मॅडम," त्यांनी विचारलं, "तुमची खुर्ची भिंतीला लागून आहे ना?"

पलीकडे मॅडम गप्प झाल्या. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, श्वाससुद्धा नाही.

बाईंनी खाली पाहिलं. टेबलाच्या कडेवर त्यांची उजवी करंगळी लांब झाली, कीबोर्डवर रेघेचं बटण असतं त्या जागी टेकली, आणि मग बाकीची बोटं चालू लागली. सावकाश, एखादं लांबलचक उत्तर लिहून घेताना चालतात तशी.